पोटातून न गेलेलं

निळा डबा, हिरवा डबा, झाकण हरवलेला डबा. तिन्ही कचऱ्यात.

सात वर्षांची खारू फ्रॉक घालताना म्हणाली, "आई, इथे गाठ आहे. दुखतं."

आकडा नेहमीच्या चाळीस पट.

यंत्राला मुलगी कुणाची ते कळत नाही.

सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, ते त्याहून वाईट होतं.

तर झालं होतं असं. खारूची आई प्रयोगशाळेत लोकांच्या लघवीत प्लास्टिकमधलं एक रसायन शोधायची. शरीर त्याला संप्रेरक समजून फसतं. मुलीच्या छातीत गाठ लागली तसं तिचं धाबं दणाणलं. पोर वयाआधी मोठी होतेय का, ते रक्त तपासून आठवड्याने सांगतो, असं डॉक्टर म्हणाले. आठवडाभर धीर कुठला? तिने खारूची लघवी काचेच्या बाटलीत घेतली आणि गुपचूप यंत्राला लावली. आकडा पाहून पायाखालची जमीन सरकली. घरी येऊन तिने सासूबाईंचे जुने प्लास्टिकचे डबे फेकले.

"माझा मुलगा याच डब्यांवर वाढला," सासूबाई म्हणाल्या.



शेवटी तिने तो आकड्याचा कागद प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंपुढे ठेवला. चोरून नमुना लावल्याबद्दल आधी तिची खरडपट्टी निघाली. मग बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"पोटात गेलेल्या रसायनाला यकृत साखर जोडून बाहेर धाडतं. हे सगळं सुटं आहे, साखर न जोडलेलं. पोरीच्या पोटातून गेलेलंच नाही, बाटलीत वरून पडलंय. बाटलीवरचं नाव कशावर लिहिलंस?"

दुकानाच्या पावतीच्या मागे. घडी करून झाकणाखाली खोचलेली. त्या गुळगुळीत कागदावर हेच रसायन असतं. म्हणून तर 'पावत्या बाहेर ठेवा' अशी पाटी दारावर होती. अक्षर तिचंच.

दुसऱ्या नमुन्यात आकडा अगदी साधा निघाला. दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला: रक्तातली संप्रेरकं सात वर्षांच्या पोरीची असावीत तशीच आहेत, अशी गाठ कधीकधी येते आणि जिरते. ती जिन्यातच बसली आणि पोटभर रडली.

घरी तिने सगळं कबूल केलं.

"म्हणजे डब्यांचा दोष नव्हता," सासूबाई म्हणाल्या.

"या खेपेला नव्हता."

"आणि म्हणे शास्त्रज्ञ."

"हो ना, आई," ती म्हणाली. टोमणा इतका गोड कधी लागला नव्हता.

खारूला पहिली पाळी आली तेव्हा ती तेरा वर्षांची होती.