कोरडी न्हाणी

घरात नळ नव्हता. नळ येणार म्हणून ग्रामपंचायतीनं रस्त्याकडेनं चर खणून ठेवला होता, त्या चरात आता कोंबड्या माती अंगावर घेत लोळायच्या. पाइप काही आला नव्हता. प्यायचं पाणी भामाबाई हापशावरून आणायची, वापरायचं विहिरीवरून. अशा घराच्या भिंतीतून पाणी पाझरतंय असं तिनं सांगितलं, तेव्हा प्रगतीला वाटलं, आईला चष्मा लागला बहुतेक.

श्रावणातली सकाळ होती. उन्हात टाकायला म्हणून भामाबाईनं मधल्या खोलीतली गोधड्यांची चळत उचलली आणि खालच्या दोन गोधड्या हाताला ओल्याकिच्च लागल्या.

"पर्गे, हिकडं ये! कुणी पाणी सांडलं गं हितं?"

कुणीच सांडलं नव्हतं. प्रगतीनं भिंतीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. भिंतीला घाम फुटला होता. फरशीपासून गुडघ्यापर्यंत रंग काळा पडला होता आणि त्यावर मोहरीएवढे थेंब उभे होते. तिनं बोट जरा दाबलं, तर प्लास्टरचा पापुद्रा भिजल्या पिठासारखा हातात आला. ती दुसऱ्या भिंतीकडे गेली, मग देव्हाऱ्यामागच्या, मग स्वयंपाकाच्या खोलीतल्या. चारी भिंती तशाच. घरभरणी अक्षय्य तृतीयेला झाली होती. त्याला अजून चार महिने व्हायचे होते.

केंदूरच्या त्या आळीत विटांचं, स्लॅबचं घर असलेला भैरू हा त्यांच्या भावकीतला पहिला. त्याचा बाप पालात जन्मला आणि पालातच गेला. भैरूनं स्वतः चाळीस वर्षं मेंढरं राखली, पावसाळा केंदूरच्या माळावर, बाकीचे आठ महिने जिथं गवत असेल तिथं. तीन वर्षांमागं मेंढरं विकली, विहीर पाडली, आणि यंदा घर उभं केलं. घरभरणीच्या दिवशी तो प्रत्येक पाव्हण्याला धरून भिंतीवर थाप मारून दाखवत होता. "वाजवून बघा. आवाज यतुय का?"

आता त्यानं त्याच भिंतीवर हात ठेवला तर तळवा ओला झाला. तो तळव्याकडे पाहतच राहिला. मग शिडी लावून स्लॅबवर चढला. स्लॅब कोरडा ठणठणीत. छताला आतून एक डाग नाही. आठ दिवसांत पाऊस असा पडलाच नव्हता, नुसतं आभाळ.

शेजारचा कोंडिबा न बोलावता आला. त्यानं खिळ्यानं भिंत उकरली, चिमूट बोटांत चोळली आणि मान हलवली.

"भैरूदा, तुमचा मेव्हणा हाय, त्ये सोडून सांगतो. ह्यात सिमिट कमी हाय. खाल्लंय."

मेव्हणा म्हणजे ज्ञानदेव, भामाबाईचा पाठचा भाऊ. दौंड तालुक्यातल्या राहूचा गवंडी. घर त्यानं बांधलं होतं.

दुसऱ्याच दिवशी निरोप गेला आणि तिसऱ्या दिवशी ज्ञानदेव मामा आला. भिंती बघून त्याचा चेहरा पडला. तो उकिडवा बसून एकेक कोपरा चाचपत गेला आणि प्रगतीला कळेना, हा माणूस घाबरलाय की चक्रावलाय.

"दाजी, सिमिट एकास वाळू सहाचा माल वापरलाय मी. पाटी मोजून. असं कवा बगितलं न्हाई बगा. येवढं पानी येतंय कुठनं?"

"तेच तुला इचारतोय," भैरू म्हणाला.

"मला खरंच ठावं न्हाई."

"ठावं न्हाई? बांधलं कुणी? मी?"

दारात आळीतली चार माणसं उभी होती. त्यांच्यासमोर हे झालं म्हणूनही असेल, पण भैरू उठला, देव्हाऱ्यातली पिशवी काढली आणि मूठभर भंडारा हातात घेतला. भामाबाई "अवं, अवं" करत पुढं आली तोवर तो बोलून गेला होता.

"बिरुबाच्या साक्षीनं सांगतो. ह्या मानसानं माझ्या सिमटात हात मारला. माझं बोलनं खोटं निघालं, तर ह्या घराच्या उंबऱ्याच्या आत मी पाऊल टाकनार न्हाई. जित्ता हाय तवर."

भंडारा उचलून बोललेलं परत घेता येत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मामानं टोपी डोक्यावर ठेवली.

"दाजी, तुमी त्यो भंडारा उचलायला नगं हुता," तो हळू म्हणाला. "माझ्यासाठी न्हाई म्हनत. तुमच्यासाठी म्हनतो." आणि तो निघाला. भामाबाई चहाचा कप घेऊन दारापर्यंत गेली. त्यावर साय धरेपर्यंत ती तशीच उभी होती.

प्रगती शिरूरच्या कॉलेजातून त्याच वर्षी बी.एस्सी. झाली होती, विषय रसायनशास्त्र. मामा चोर की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. पण मोजता येण्यासारखं बरंच काही समोर होतं. ती रोज सकाळी ओल जिथवर चढली असेल तिथं पेन्सिलीनं रेघ मारायची आणि पट्टीनं उंची घ्यायची. एक्केचाळीस सेंटिमीटर, त्रेचाळीस, चाळीस. आभाळ असलं की थेंब यायचे. ऊन पडलं की थेंब जायचे आणि त्यांच्या जागी कापसासारखी पांढरी लव उगवायची. पाऊस आला काय अन् गेला काय, त्या रेघांना त्याचं काहीच नव्हतं.

"भित मोजून सुकती का?" भैरू एकदा खेकसला.

"मोजल्याबिगर का ओली, ते कळत नाही आप्पा."

पाचव्या दिवशी न्हाणीत अंघोळ करताना तिचा तांब्या हातातच राहिला. न्हाणी घराला लागून, बाहेरच्या अंगाला. विटा त्याच, सिमेंट तेच, मामाचा हात तोच. त्या भिंतीवर रोज तीन माणसांचं पाणी उडत होतं. तिनं कपडे घातले, भिंत फडक्यानं पुसली आणि दुपारी परत जाऊन भिंतीला गाल लावला. भिंत पापडासारखी कोरडी होती. पांढरी लव नाही, पापुद्रा नाही, काही नाही.

एकाच सिमेंटाच्या दोन भिंती. एक पाण्यात राहून कोरडी, दुसरी कोरड्यात राहून ओली. म्हणजे सिमेंटाचा दोष नव्हता. मामानं काही खाल्लं नव्हतं. आणि लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. मग फरक कशात होता?

भामाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"आई, घराच्या जोत्यात भर कशाची घातली गं? फरशीच्या खाली?"

"न्हाणीला मुरूम घातलाय."

"आणि घराला?"

"घराला मेंढवाड्याची माती." भामाबाईच्या आवाजात कौतुक होतं. "तू परीक्षेला शिरूरला हुतीस. न्यानूमामा रब्बीच्या पेरनीला आठ दिस राहूला गेलता, तवर तुझ्या आप्पानं टॅक्टर लावून समदी भरली. वरल्या मळ्यातलं आनंदराव कांद्याला मागत हुतं ती माती, चार डाव आलं. दिली न्हाई. म्हनलं, चाळीस वरसं मेंढरं बसली त्या मातीत. जिच्या जिवावर घर हुतंय, तिच्यावरच उबं ऱ्हाऊ दे. आठ दिस पानी मारून धुमुसानं ठोकून बसवली. न्हाणीला पुरली न्हाई म्हनून मुरूम."

प्रगतीचा हात परातीच्या कडेवर थांबला. चाळीस पावसाळे. दोन-अडीचशे मेंढरांचं मूत आणि लेंड्या, एकाच जागी मुरलेल्या. त्यातून काय तयार होतं, हे तिनं दुसऱ्या वर्षाला लिहून मार्क मिळवले होते. ती उठली, देव्हाऱ्यामागच्या भिंतीवरची लव वाटीत खरवडली आणि कण जिभेच्या टोकाला लावला. खारट, कडवट, आणि थंड. जीभ गार पडली.

ती चुलीपाशी आली. एक रसरशीत निखारा चिमट्यानं पुढं ओढला आणि त्यावर चिमूटभर पूड टाकली.

सुर्रर्र करून जांभळट जाळ उठला. ठिणग्या तव्यापर्यंत उडाल्या. भामाबाई भाकरी टाकून मागं सरली.

"आगं बया! काय टाकलंस त्येच्यात?"

"आपली भिंत," प्रगती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला. "सोरा आहे आई. फटाक्याच्या दारूत घालतात तो. मेंढवाड्याच्या मातीत भरलेला असतो. तू मिठाची बरणी बघतेस ना, आभाळ आलं की पाझरते? तसं होतंय. मातीतला क्षार विटेत चढलाय, वात तेल ओढते तसा. आणि तो हवेतलं पाणी ओढतोय. घर गळत नाही आई. घर पाणी पितंय."

भामाबाईनं टाकलेली भाकरी उचलली.

"म्हंजी न्यानूनं..."

"मामानं काहीच केलं नाही."

बाईच्या डोळ्यांना धार लागली. पदर तोंडाला लावून ती हसली की रडली ते कळलं नाही. मग तिचा चेहरा एकदम पांढरा पडला, आणि तेव्हा कुठं प्रगतीलाही ते दिसलं. पाच दिवस ती फुटपट्टी घेऊन ज्याच्या मागं लागली होती, ते सिद्ध झालं होतं. आणि सिद्ध झालं म्हणजे आप्पांना या घरात राहता येणार नव्हतं.

"आई, मी कुणाला बोलले नाही अजून," ती म्हणाली. "नाही बोलले तर—"

"तर माझा भाऊ जलमभर चोर." भामाबाईनं हात पुसले. "तुझं आप्पा वसरीला हायती. बलाव."

भैरू आला. प्रगतीनं न्हाणीपासून सगळं सांगितलं, रेघा दाखवल्या. तो "हूं, हूं" करत ऐकत होता, पोरगी शाळेतलं काही वाचून दाखवतेय तसा. मग तिनं निखाऱ्यावर पूड टाकली. जाळ झाला तसा तो दचकला.

"पुन्यांदा कर."

तिनं पुन्हा केलं. त्यानं वाटी हिसकून घेतली आणि स्वतः चिमूट टाकली. मग उठून पुढच्या खोलीतली भिंत स्वतःच्या हातानं खरवडून आणली. ती पेटली. शेवटी न्हाणीतल्या भिंतीची पूड आणली, ती टाकली. निखारा नुसता काळा पडला.

तो उकिडवा बसला होता तो तसाच राहिला. मोठ्या मेंढराला लांडग्यानं नेलं त्या दिवशीही प्रगतीनं त्याला असं पाहिलं नव्हतं.

"माझीच माती," तो म्हणाला.

"आप्पा, तुम्हाला काय माहीत—"

तो उठला. खुंटीवरचं घोंगडं खांद्यावर टाकलं, काठी घेतली आणि उंबऱ्याबाहेर गेला. दोघींना वाटलं, विहिरीकडं निघाला. संध्याकाळी तो समोरच्या लिंबाखाली दिसला. चार मेढी रोवून वर पाचट टाकत होता.

"भाकर हितंच दे," त्यानं भामाबाईला सांगितलं.

कोंडिबा समजूत घालायला गेला. बोकड कापून भंडारा उलटा करता येतो, असं त्याच्या मावशीच्या गावात झालं होतं म्हणे. भैरूनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"बिरुबा काय तलाठी हाय व्हय, जेवान घातल्यावर नोंद बदलायला?"

चार दिवस प्रगतीला अन्न गोड लागलं नाही. सरळ, खरं, तपासून बघितलेलं उत्तर. आणि त्यानं बाप घराबाहेर काढला होता. पाचव्या दिवशी शिक्रापूरला गाडी बदलून ती राहूला गेली. मामा एका गुऱ्हाळाच्या भिंतीला गिलावा करत होता. तिनं परांचीवर उभ्या असलेल्या त्या माणसाला खालूनच सगळं सांगितलं. वाटलं होतं, मामा हसेल, निदान दोन शब्द सुनावेल. त्याच्या हातातल्या थापीवरचा माल खाली पडला.

"मग दाजी ऱ्हात्यात कुठं?"

"लिंबाखाली. छप्पर घातलंय."

"पावसाचं?" मामा खाली उतरला आणि तसाच हौदावर हात धुवायला गेला. "मी इचारायला पायजे हुतं. मी आलो तर जोतं भरलेलं, वर धुमुस केलेला. खाली काय हाय ते मीबी उकरून बघितलं न्हाई. गवंडी म्हनवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो केंदूरला होता. भैरूशी बोलला नाही, भैरूही बोलला नाही. मामानं सामान अंगणात काढलं, शहाबादी फरश्यांवर खडूनं आकडे घातले आणि एकेक उचलायला सुरुवात केली. खालून काळी, भुसभुशीत, ओली माती निघाली आणि तीन वर्षांपूर्वी विकलेल्या मेंढरांचा वास घरभर झाला. भामाबाई पदर नाकाला न लावता त्या वासात उभी राहिली.

प्रगतीनं हिशेब केला होता. ही माती निघायला महिना, आणि भिंतींतला क्षार जायला दोन उन्हाळे तरी. कदाचित तो पुरता जाणारही नाही. हे तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. सांगावं लागणार होतं.

मामानं पहिली पाटी भरली, उंबऱ्यापर्यंत आणली आणि ठेवायला वाकला. बाहेरून दोन हात पुढं आले. भैरू उंबऱ्याला पाय न लावता पलीकडं उभा होता. त्यानं पाटी घेतली, पन्नास पावलांवर नेऊन ओतली आणि रिकामी परत आणली. दुसरी पाटी तशीच गेली. तिसरी. भामाबाई दाराच्या आत, प्रगती बाहेर, दोघी बघत होत्या.

दहावी पाटी भैरूला एका दमात उचलेना. पाटी उंबऱ्यावर टेकली आणि दोघांच्याही हातांत राहिली.

"ओली हाय," भैरू खाली बघत म्हणाला. "जड लागती. अर्धी भर."

"व्हय दाजी," मामा म्हणाला.