आप्पांचे कान आणि माईंची लिपस्टिक

छापखान्यातलं मशीन चाळीस वर्षांनी भंगारात गेलं, ते जाताना आप्पांचे कानही घेऊन गेलं. श्रवणयंत्रातून त्यांना नुसती घरघर ऐकू यायची. मग माई वहीत लिहून बोलू लागल्या, पण आठवड्याभरात वैतागल्या. "वहीत धड भांडताही येत नाही," हेही त्यांनी वहीतच लिहिलं.

उपाय सुनेनं काढला. ओठांना गडद रंग लावला तर बाबांना ओठ वाचता येतील, असं ती म्हणाली आणि एक लिपस्टिक घेऊन आली. जन्मात कधी पावडरही न लावलेल्या माई पासष्टाव्या वर्षी ओठ रंगवून बसल्या. जिन्यातल्या बायकांनी नाकं मुरडली. "म्हातारीला हे काय भलतंच सुचलंय! शोभतं का या वयात?" माईंनी या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडून दिलं. आप्पांना मात्र बायको परत मिळाली, टोमण्यांसकट.

तीन वर्षं सुखात गेली आणि एके सकाळी छापखान्यातल्या जुन्या बाइंडरचा ईमेल आला. लिपस्टिकमध्ये शिसं असतं, त्यानं कॅन्सर होतो. सोन्याची अंगठी घासून बघा, काळी रेघ उठली तर विष समजा. घरातल्या प्रत्येक बाईला हे कळवा.

दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. पण छपाईसाठी शिशाचे अक्षरखिळे जुळवणारा आप्पांचा एक दोस्त त्या शिशापायीच खंगून गेला होता. त्यांनी अंगठी काढून लिपस्टिकवर घासली. रेघ काळी उठली. माई अंघोळीला गेल्या होत्या, तेवढ्यात त्यांनी लिपस्टिक कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली.

बायकोला घाबरवायला नको, म्हणून हा शहाणा माणूस तिला काय म्हणाला? "टाकली मी ती. या वयात शोभत नाही."

माई काहीतरी बोलल्या. फिकट ओठ हलले एवढंच आप्पांना दिसलं. त्यानंतर त्या बोलल्याच नाहीत. वेळेवर ताट यायचं, चहा यायचा, वही मात्र कोरी. नाही कळलं तिचं बोलणं तरी चालेल, पण ती जगू दे, अशी आप्पा मनाची समजूत घालायचे. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी सून आली. ती क्रीम-पावडरीच्या कारखान्यात तपासणीचं काम करायची. सासूबाईंचे ओठ कोरे आणि सासऱ्यांचा चेहरा उतरलेला पाहून तिनं वहीत लिहून खोदून विचारलं, तेव्हा आप्पांनी तो मेल दाखवला. वाचून तिला हसू आलं, पण त्यांचे डोळे पाहून तिनं ते आवरलं. तिनं त्यांची अंगठी घेतली आणि पांढऱ्या मेणबत्तीवर घासली. काळी रेघ.

"मग मेणबत्तीतही विष का?" तिनं वहीत लिहिलं. "बाबा, अंगठीनं शिसं कळत नाही. ते यंत्रावर मोजावं लागतं. आईंची लिपस्टिक मी तपासूनच आणली होती."

आप्पांनी ते दोनदा वाचलं. "पोरी, तुझे उपकार कसे फेडू?"

"आईंना खरं सांगा," तिनं लिहिलं.

ते तसेच दुकानात गेले. विक्रेतीनं चाळीस रंग मांडले. लाल शाईत बोटभर काळी मिसळली की होणारा माईंचा तो रंग छापखान्यातल्या माणसाला शोधावा लागत नाही. घरी येऊन त्यांनी लिपस्टिक माईंच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं.

माईंनी आरशासमोर सावकाश ओठ रंगवले. मग खुर्ची ओढून उजेडाकडे तोंड करून बसल्या आणि अकरा दिवसांचं भांडण एका दमात भांडल्या.

"शिशाचं सांगितलं असतंत, तर मीच फेकली असती! पण शोभत नाही म्हणालात! अख्खा जिना तेच म्हणत होता. ते मी कुणासाठी ऐकून घेतलं?"

आप्पा हात जोडून पाहत होते. डोळे पाण्यानं भरले होते, तरी माईंच्या ओठांवरचा एक शब्द सुटला नाही.

"कळलं का?" माईंनी दरडावलं.

"कळलं," आप्पा म्हणाले. "पण पहिल्यापासून परत सांग."