पाणी सोडलेले शेअर

कर वाचवून दान करा म्हटलं की पेणची माणसं माझ्याकडे अशी बघतात, जणू मी देवळाची दानपेटी फोडायला सांगतेय. वडिलांच्या माघारी करसल्ल्याचं हे ऑफिस मी एकटी चालवते. आम्ही कोकणातले ज्यू; भाऊ इस्रायलला गेले, मी राहिले. मीही गेले असते तर या लोकांना शहाणपण कोणी शिकवलं असतं?

पुंडलिककाका रोह्याच्या एका कंपनीतून फोरमन म्हणून रिटायर झाले आणि जनीकाकूंना घेऊन थेट माझ्याकडे आले. कंपनीने पूर्वी कामगारांना दहा-दहा रुपयांना दिलेल्या शेअरचा भाव आता कितीतरी पट झाला होता; तेव्हा शेअर कागदी दाखल्यांवर असत. ते शेअर आणि फंडातले काही पैसे त्यांना कासूच्या धर्मादाय दवाखान्याला द्यायचे होते, बाळंतपणाच्या खोलीसाठी. आदल्या साली त्यांच्या लेकीला, दीपिकाला, कासूहून पेणला आणताना टेम्पो वडखळच्या नाक्यावर कोंडीत अडकला आणि ती तिथेच बाळंत झाली. ती वाचली, मूल गेलं.

"शेअर इकतो नि रोख पेटीत टाकतो," काका म्हणाले. "गुप्तदान."

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही विकलेत तर वाढलेल्या किमतीवर कर लागेल. शेअरच दवाखान्याच्या संस्थेच्या नावावर करा, मग तुम्हाला कर नाही. संस्था विकेल आणि खोली बांधेल. फंडाचे पैसे चेकने द्या, पावती घ्या. यंदाच्या पगारावरचा कर कमी होईल. वाचेल तेवढ्याच्या विटा घ्या."

"दान द्यायचं नि वर पावती मागायची? लाज वाटंल, बाई."

"मग ती कपाटात ठेवा. गावभर मिरवा असं म्हटलं का मी?"

जनीकाकू पदराआड हसल्या. काकांनी हस्तांतराच्या अर्जावर सही केली. सगळे कागद एकदा देवापुढे ठेवतो म्हणून घरी नेले आणि दोन दिवसांनी परत आणले. शेअरचे दाखले पापडासारखे वाकडे झाले होते. अर्जावरच्या सहीच्या जागी नुसता निळा डाग होता.

"हे काय केलंत?"

"उदक सोडलं. दान करायचं तर पाणी सोडाया नको?"

मी कपाळावर हात मारला. पैशांवर पाणी सोडणारी माणसं पुष्कळ पाहिली होती, पण ती तांब्या घेऊन बसलेली नव्हती. दाखले वाचता येत होते, सही मात्र गेली होती. मी नवा अर्ज पुढे केला.

काकांनी हात मागे घेतला. "आता नाय जमायचं. पाणी सोडलं तवाच ते माझं उरलं नाय. दुसऱ्याच्या वस्तूवर माझी सही? ती लबाडी झाली."

कायद्याने शेअर अजून तुमचेच आहेत, हे मी गोडीने सांगितलं, मग ओरडून सांगितलं. माणूस हलेना. खोली काही उभी राहत नाही, असं मला खरंच वाटलं.

मग आठवलं. आमच्या शेजारच्या घरांतल्या पूजा मी लहानपणापासून पाहत आलेय. मी विचारलं, "पाणी सोडताना काकूंनी हाताला हात लावला होता?"

काका वाकडे झालेले दाखले सरळ करू लागले.

"कुठला?" जनीकाकू म्हणाल्या. "मी मागल्या दारी मासळी साफ करत व्हते. मला इचारलं बी नाय."

"मग दान झालंच नाही," मी ठासून सांगितलं. "बायकोच्या हाताशिवाय पुरं होतं का, काका? तुम्हीच सांगा."

काकांनी बायकोकडे पाहिलं आणि पेन उचललं.

"काकू, हात कोपराला लावा, मनगटाला नको. सही हलली तर कंपनी अर्ज परत पाठवेल."

या वेळी सही झोकात झाली. कागद मी लगेच माझ्याकडे ओढून घेतले. मग संस्थेचा निरोप सांगितला: खोलीला नाव कोणाचं द्यायचं?

"कोनाचंच नको," काका म्हणाले. "गुप्तदान म्हटलंय ना."

काकूंचा हात अजून त्यांच्या कोपरावरच होता.

"माझा हात हाय, तर माझं बी ऐका," त्या म्हणाल्या. "तिथं पयलं जे पोर जन्माला येल, त्याचं नाव द्या. आमच्या बाळाचं तर ठेवायचंच राहून गेलं."