घरचं माणूस

"आगं, टाक की त्यो केर! किती येळ सुपली धरून हुबी ऱ्हानार हायस? हितं कुठलं सोनं निघतंय?"

मनुबाईंनी पान कुटता कुटता हटकलं, तशी संयोगिता भानावर आली. बंगल्याच्या मागच्या दारात ती केराची सुपली घेऊन उभी होती. उकिरडा चार हातांवर होता आणि हात पुढे होत नव्हता.

"जुनी सवय हाय, आत्ती. हात धजत न्हाई."

"गलाईवाल्याची बायकू! मराय टेकली तरी केर सुटायचा न्हाई हिच्या हातनं," सासू हसली. पण हसू तिनं अर्ध्यावरच सोडलं. केर टाकून सून भिंतीला टेकली होती आणि सांडलेले मणी वेचावेत तसा एकेक श्वास वेचत होती.

गलाईवाल्याच्या घरात केर टाकत नाहीत. सराफाकडचं जुनं सोनं आटवायचं, तेजाबात, म्हणजे ॲसिडात घालून शुद्ध करायचं, हा त्यांचा धंदा. भट्टीपाशी उडालेला कण धुळीत बसतो, चटईत बसतो, अंगावरच्या कपड्यात बसतो, हात धुतलेल्या पाण्यातही बसतो. म्हणून पाणी पिंपात साठवायचं, धूळ डब्यात भरायची, कपडे विरले की जाळून राख गाळायची. विट्याकडच्या कोरड्या माळावरची गावंच्या गावं या राखेपायी मुलूख सोडून गेली. ज्या शहरात सराफकट्टा, त्या शहरात इकडची भट्टी.

संयोगिताचा नवरा इंद्रजितही असाच तमिळनाडूत, सेलमला गेला. आधी दुसऱ्याच्या हाताखाली, मग स्वतःचं बोळकांडाएवढं दुकान. लग्नाची हळद निघायच्या आत संयोगिता त्याच्या पाठोपाठ गेली. खाली भट्टी, वर त्यांची खोली. मधल्या लाकडी तक्तपोशीच्या फटींतून तेजाबाचा पिवळा धूर वर यायचा आणि दुधावर, भाकरीवर, उशीवर बसायचा. केराचं काम तिच्याकडं होतं. गड्यांवर त्याचा विश्वास नव्हता. "केर म्हंजे तिजुरी," तो म्हणायचा. "तिथं घरचं मानूस पायजे."

धुराडं उंच करू, असं तो दर दिवाळीला बोलायचा. मग मदुराईचं दुकान आलं. धुराडं पुढच्या दिवाळीवर गेलं.

तिची हळदीची साडी होती. भट्टीपाशी नेसून नेसून ती जाळीसारखी झाली, तेव्हा एक दिवस त्यानं ती इतर चिंध्यांबरोबर जाळली. ती नको म्हणाली होती. निदान पदराचा काठ तरी राहू द्या म्हणाली होती. संध्याकाळी तो हातावर मोहरीएवढा सोन्याचा मणी घेऊन वर आला, लहान पोरासारखा हरखून. "बघ! तुझ्या लुगड्यातबी सोनं निघालं!" त्याच्या डोळ्यांतला तो उजेड इतका खरा होता की तिला रडताही आलं नाही. मणी दुसऱ्या दिवशी सराफाकडं गेला. पुढच्या चिंध्यांची राख चाळताना तिच्या ओठांवर आईकडून आलेल्या चालीत दोन ओळी आल्या.

*सोनं आटलं मुशीत, घडला त्येचा मनी*
*माझं आटलं आयुक्ष, त्येला सराफ न्हाई कुनी*

पुढं खोकला लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि इंद्रजितला सांगितलं, "यांना पुन्हा त्या धुरात नेऊ नका." त्यानं तिला गावी आणून सोडलं. वाईट वागला नाही तो. औषधं पाठवायचा, फोन करायचा. बंगल्याचा पाया खणताना म्हणाला, "ह्यो उभा ऱ्हायला की मी आलोच. मग दोघं हितंच."

बंगला उभा राहिला. रंग लागला. वरच्या खोल्यांना कुलपं लागली. ती आठवड्यातून एकदा कुलपं काढायची, न वापरलेल्या पलंगांवरची धूळ झाडायची आणि पुन्हा लावायची. या जत्रेला तो कायमचा येणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. कपाटाचा एक खण तिनं रिकामा करून ठेवला होता.

भैरोबाच्या जत्रेला अख्खं गाव परतलं होतं. तमिळनाडूच्या, केरळच्या नंबरांच्या गाड्या बोळाबोळांत उभ्या होत्या आणि पोरं तमिळमध्ये भांडत होती. खाऱ्या, म्हणजे मटणाच्या जेवणाचा दिवस. बंगल्याच्या व्हरांड्यात गलाईवाल्यांची पंगत बसली होती. संयोगिता रस्सा वाढत होती.

"वयनी, रस्सा एक नंबर!" इंद्रजितचा जुना जोडीदार भाऊसो बोटं चाटत म्हणाला. "आता ह्योच रस्सा गुवाहाटीत खायाला घाला म्हंजे झालं."

"गुवाहाटीत कोन हाय, भावजी?"

"आँ? शेटनं सांगितलं न्हाई व्हय? तिकडं नवी भट्टी पेटतीया न्हवं! आमचा शेट काय थांबतोय व्हय. उद्या चंद्रावर सराफ बसला तर ह्यो तिथंबी चिमटा घिऊन जाईल."

पंगत खदखदली. इंद्रजित मान खाली घालून भाकरी कुस्करत होता.

"भाऊसो, जेव की रं गपगुमान."

संयोगितानं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं वर पाहिलं नाही. तिनं रश्श्याचं भांडं पुढच्या ताटाकडं नेलं. वाढणाऱ्या बाईला पंगत मोडता येत नाही.

उन्हं कलली, माणसं पांगली. देवळाकडं ढोल सुरू झाला. वरच्या खोलीतून इंद्रजितनं हाक दिली, "च्या आन गं वर. तुझ्याशी बोलायचंय."

ती कपबशी घेऊन जिन्याला लागली. जिना चकचकीत फरशीचा, गावात दुसरा तसा नव्हता. थोडं चढली आणि कठड्याला धरून थांबली. पुन्हा चढली, पुन्हा थांबली. शेवटच्या काही पायऱ्यांपाशी छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजायला लागली. वर दारात तो उभा होता, मोबाईलवर काहीतरी बघत.

"सांगनारच हुतो तुला," तो म्हणाला. "त्या भाऊसोच्या तोंडाला कुलूपच न्हाई. आगं, लय मोठी पेठ हाय. ही यकच उडी. मग बास."

"हं."

"आन् तू चल संगं."

गावी आल्यापासून हे बोलणं ऐकायची ती वाट बघत होती. क्षणभर तिला वाटलं, आत्ता जिना धावत चढावा.

"खरंच नेता मला?"

"मग! गडी सगळे नवं. केर चोरत्यात रांडंचे. तिथं घरचं मानूस पायजे."

ढोल थांबला, पुन्हा लागला.

"आन् धुराडं?" तिनं विचारलं.

"बांधू की. पैलं बस्तान तर बसू दे."

"डॉक्टर काय म्हनलं हुतं, ध्यानात हाय न्हवं?"

"डागदर काय, म्हनत्यातच. तोंडाला फडकं बांधायचं. मी न्हाई व्हय त्याच धुरात? मी कुनासाठी मरमर मरतोय? तुझ्यासाठीच न्हवं?"

त्यात खोटं काही नव्हतं. तेच तिला फार जड गेलं. त्याच्या मनगटांवर तेजाबानं खाल्लेले पांढरे डाग होते. त्या डागांना तिनं वर्षानुवर्षं खोबरेल लावलं होतं.

"आवं," ती म्हणाली, "जरा खाली येता का? मला वर येववत न्हाई."

"आगं, चार पायऱ्या तर ऱ्हायल्यात."

"चारच हायत्या. तुमी या."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. पाऊल उचललंही असेल, पण फोन वाजला. त्यानं तो कानाला लावला, मोठ्यानं हसला आणि तमिळमध्ये बोलत बोलत खोलीकडं वळला. वळताना हातानं खूण केली, थांब, आलोच.

"तुमी जावा," ती त्याच्या पाठीला म्हणाली. आवाज फार मोठा नव्हता, पण कापतही नव्हता. "मी न्हाई येत."

तो दारात थबकला. फोनवरचा आवाज दोनदा हॅलो म्हणाला. मग इंद्रजित आत गेला आणि दार लोटलं गेलं.

खालून मनुबाईंनी विचारलं, "संयू, दिला का गं च्या त्येला?"

ती तिथंच पायरीवर बसली, पदर सावरला आणि चहा बशीत ओतला. फुंकर घालायला छातीत वारा पुरत नव्हता. म्हणून बशी दोन्ही हातांत धरून, तो आपोआप निवायची वाट बघत राहिली.