एकदा वाजवलं

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी ड्रेस्डेनच्या कारखान्यात नवं प्रवासी जेट विमान लोकांना दाखवायचं होतं. बँड आला, पुढारी आले, सॉसेज आणि बिअर फुकट होती. गुद्रुनला मात्र गर्दीत ओस्वाल्ड सापडायला हवा होता. म्हाताऱ्याच्या नोकरीचा आज शेवटचा दिवस. माफी मागायची तर आजच, नाहीतर राहिलीच.

तीन वर्षं दोघांनी जोडीने विमानाचे पत्रे सांधणारे रिव्हेट, म्हणजे धातूच्या खिळी, मारले होते. तो बाहेरून हवेच्या दाबाची हातोडी चालवायचा, ती विमानाच्या पोटात वाकून पलीकडून लोखंडी ठोकळा दाबून धरायची. मध्ये पत्रा, त्यात कान फुटतील असा गोंगाट. म्हणून बोलायचं ते पत्र्यावर वाजवून. तिने एकदा वाजवलं, की रिव्हेट नीट बसला. दोनदा, की अजून मारा. तीनदा, की बिघडला, काढून टाका. म्हातारा पत्र्यावर तळवा ठेवून ते ओळखायचा आणि डोळे मिटून तिच्यावर विसंबायचा.

फेब्रुवारीत त्याचे हात थरथरायला लागले. एका सकाळी ओळीने पाच रिव्हेट वाकडे बसले. सहावाही वाकडाच बसला, पण पुन्हा तीनदा वाजवायला तिचा हात उचलेना. तिने एकदाच वाजवलं. सातव्याला तेच, आठव्यालाही. दुपारी तपासनीसाने तिन्हींभोवती लाल खडूने गोल काढले आणि पाळीतल्या सगळ्या कामगारांसमोर विचारलं, "आजोबा, हे तुम्ही चांगले म्हणून सोडलेत?" ओस्वाल्डने तिच्याकडे फक्त एकदा पाहिलं. तिचं नाव त्याने घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या हातात झाडू आला.

"विमान आज उडणार नाही म्हणे," बिअरच्या रांगेतली तिच्या पाळीतली लॉटे म्हणाली. "आज फक्त भाषणं उडणार." सगळ्या हसल्या. गुद्रुनला हसू आलं नाही. पार टोकाला, लोखंडी कठड्याशी तिला तो दिसला.

ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात मोठे दरवाजे सरकले आणि चंदेरी विमान हळूहळू उन्हात आलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते.

"ओस्वाल्ड, मला माफ करा," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "मला तुम्हाला सांभाळून घ्यायचं होतं."

"केसाने गळा कापलास, पोरी."

"हो. कापला."

"माफ केव्हाच केलं. तू वाईट नाहीस." तो विमानाकडेच बघत होता. "पण घरी बसलो की मागचं सगळं आठवतं. तीन वर्षांत हजारो वेळा तू एकदा वाजवलंस. त्यातलं खरं किती आणि दयेचं किती?"

"सगळं खरं होतं. ते तीन सोडून सगळं. शपथ घेते."

"असेलही."

सवयीने त्याचा तळवा कठड्यावर टेकलेला होता. तिने बोटाच्या पेराने कठड्यावर एकदा वाजवलं.

म्हाताऱ्याने तळवा कठड्यावरून उचलून घेतला.

"पोचलं," तो म्हणाला. "पण ते खरं की दयेचं, हे आता माझ्या हाताला कळत नाही."