पाच की पाचवा

हे सगळं घडलं दोन हजार सोळा साली. मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते आणि माझी धाकटी जाऊ पंचावन्नची. तारीख आता आठवत नाही, पण रविवार होता एवढं नक्की, कारण आमचा गट रविवारीच जमायचा.

गट म्हणजे आठ हौशी माणसं. बंद पडलेल्या वीटभट्टीमागच्या मैदानात सकाळी जमायचं, आपापले ड्रोन उडवायचे, वरून फोटो काढायचे आणि मग एकमेकांच्या फोटोंना नावं ठेवायची. दाताचे डॉक्टर होते, वायरमन होता, बेकरीवाले होते, औषधाच्या दुकानातल्या बाई आणि फोटो स्टुडिओवाले होते. सगळ्यांत वडील चित्रकलेचे मास्तर. त्यांच्याकडे ड्रोन नव्हता. ते खुर्ची टाकून वर बघत बसायचे आणि मान दुखली की घरी जायचे.

मी नकाशे काढायच्या कचेरीत तीस वर्षं काढली होती. त्यामुळे वरून जमीन कशी दिसते हे मला कोणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती. जाऊबाईला गटात मीच आणलं. धाकटे दीर जाऊन वर्ष झालं होतं आणि ती वरच्या मजल्यावर एकटी बसून सुकत चालली होती. माझाच जुना ड्रोन तिच्या हातात दिला. तीन महिन्यांत ती माझ्यापुढे गेली.

आता सांगायला काय हरकत आहे, मला ते सहन झालं नाही. तसं हे दुखणं जुनंच. मी दिवसभर राबले तर सासूबाई ‘ठीक आहे’ म्हणायच्या आणि तिने नुसता हात लावला तरी ‘हिच्या हाताला गुण आहे’. जमिनीवर जे झालं ते झालं, निदान आभाळ तरी माझं एकटीचं असावं असं वाटत होतं. आणि तिथेही मीच तिला बोट धरून नेलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

दर वर्षी आमची एक मैत्रीतली स्पर्धा असायची. पहिला आलेला फोटो मोठा करून वाचनालयाच्या जिन्यासमोरच्या भिंतीवर वर्षभर लावायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची नजर त्यावर पडायची. मी चार वर्षं त्या भिंतीवर डोळा ठेवून होते आणि दोनदा दुसरी आले होते.

त्या वर्षीचा विषय होता छपरं. मी गोदामांच्या पत्र्याच्या छपरांचा फोटो काढला होता. अगदी काटकोनात, एक रेघ इकडची तिकडे नाही. जाऊबाईने आमच्याच इमारतीची गच्ची काढली होती. गच्चीवर ओल्या चादरी पसरलेल्या, आणि त्यांच्यामध्ये एक ठिपक्याएवढी बाई एका चादरीचं टोक दोरीवर टाकायला टाचा उंचावून उभी. ती बाई मी होते. तिने कधी काढला हे मला कळलंसुद्धा नव्हतं. फोटो बघितला आणि मी त्यात खोट शोधत बसले, कारण तो चांगला होता.

फोटोंवर नावं नसायची, नुसती अक्षरं. माझा ग, तिचा घ. मास्तर, औषधवाल्या बाई आणि स्टुडिओवाले हे तिघे परीक्षक, त्यात मास्तर पहिल्यांदाच. पाच फोटो, प्रत्येकाला एक ते पाच गुण, सगळ्यांत चांगल्याला पाच. बेरीज माझ्याकडे. स्वतः स्पर्धेत असून बेरीजही माझ्याकडे, हे आज कोणालाही विचित्र वाटेल. पण मैत्रीत कोण संशय घेतो? आणि माझा आकडा चुकत नाही, असं सगळेच म्हणायचे.

तिघांचे कागद घेऊन मी वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. बाईंनी मला पाच आणि जाऊबाईला चार दिले होते. स्टुडिओवाल्यांनी तिला पाच, मला चार. म्हणजे नऊ-नऊ. मग मास्तरांचा कागद उघडला. मला चार. तिला एक. आणि डॉक्टरांच्या फोटोला पाच.

डॉक्टरांच्या फोटोत निम्म्या भागात त्यांच्याच ड्रोनचा पाय आला होता.

माझ्या लगेच लक्षात आलं. मास्तरांनी गुण दिलेच नव्हते, क्रमांक लावले होते. पहिला, दुसरा, तिसरा. चाळीस वर्षं मुलांच्या चित्रांवर तेच केलेलं. शिवाय जाऊबाईच्या एकाभोवती त्यांनी गोल काढला होता. तो गोल मी ओळखत होते. तिच्या मुलीच्या चित्रकलेच्या वहीत तो दर वर्षी यायचा. माझ्या मुलाच्या वहीत एकदाही आला नाही.

उठून मास्तरांना विचारणं दहा पावलांचं काम होतं. मी बसून राहिले. आकडे होते तसे मांडले, ग तेरा, घ दहा, आणि निकाल वाचून दाखवला. टाळ्या झाल्या. जाऊबाईनेही वाजवल्या.

गाडं अडलं ते वायरमनमुळे. तो कुठलीही जोडणी उघडून बघितल्याशिवाय न सोडणारा माणूस. त्याने कागद मागितले आणि ते हातोहात फिरले. डॉक्टरांना पाच गुण मिळालेले बघून तो हसतच सुटला. म्हणाला, फोटोत छप्पर कमी आणि तंगडी जास्त. डॉक्टरांना राग आला. कलेत ज्याला कळतं त्याला कळतं, असं काहीतरी ते बोलले. बेकरीवाल्यांनी मध्ये पडून दोघांना बसवलं. शेवटी वायरमन मास्तरांच्या कानाशी वाकला, कारण त्यांना कमी ऐकू यायचं.

“मास्तर, डॉक्टरांना पाच दिलेत तुम्ही?”

“पाचवा दिला,” मास्तर म्हणाले. “सहावा देणार होतो, पण फोटो पाचच होते.”

खोलीत हसू फुटलं आणि अर्ध्यावरच थांबलं, कारण मग सगळ्यांना पुढचं उमगलं. वायरमनने तिथेच बेरीज केली. घ चौदा, ग अकरा. स्टुडिओवाल्यांनी मास्तरांना विचारलं, गोदामांचा फोटो चौथा का? मास्तर सहज म्हणाले, “तो नकाशा आहे. चांगला नकाशा आहे.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काय कल्पना, जे आकडे दिसले ते मांडले, असं मी म्हणाले. आवाज बरा लागला. डॉक्टर एकटेच माझ्या बाजूने होते. निकाल फिरला असता तर त्यांचे पाच गेले असते, म्हणून लिहिलेला आकडा हाच खरा, असं ते टेबलावर बोट आपटून सांगत होते.

तेवढ्यात जाऊबाई उठली. म्हणाली, “ताईंची बेरीज कधी चुकत नाही. निकाल लागला तो लागला. राहू दे.”

लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. केवढं मोठं मन, औषधवाल्या बाई दोनदा म्हणाल्या. भिंत मला मिळाली आणि माणसं तिला.

आम्ही दोघी बरोबरच घरी निघालो. चौकापर्यंत आलो. मग रस्ता ओलांडताना ती म्हणाली, “ताई, तो गोल तुम्हाला दिसला नाही?”

खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. “दिसला,” मी म्हणाले.

“मला वाटलंच. म्हणूनच निकाल बदलू दिला नाही.” मला बरं वाटेल असा तिचा आवाज होता, शब्द तसे नव्हते. “आता वर्षभर त्या भिंतीकडे बघत बसा.”

वर्षभर मी वाचनालयात मागच्या दाराने गेले. तिथले पुस्तकवाले मला विचारायचे, तुमचा फोटो छान आहे, समोरून का येत नाही? गुडघे दुखतात, असं मी सांगायचे. जिना दोन्हीकडे सारखाच होता.

पुढे मास्तर दोन वर्षांनी गेले. औषधवाल्या बाई दुकान विकून लेकीकडे राहायला गेल्या. स्टुडिओवाल्यांच्या आणि बेकरीवाल्यांच्या गाठीभेटी राहिल्या नाहीत. बेरीज वायरमनकडे गेली आणि कागदाच्या डोक्यावर ‘गुण, क्रमांक नव्हे’ असं मोठ्या अक्षरांत छापून यायला लागलं. नंतर उडवायच्या परवानग्यांचे अर्ज भरता भरता लोक कंटाळले आणि गट मोडला. डॉक्टरांनी मास्तरांचा तो कागद चौकटीत बसवून दवाखान्यात लावला आहे. पेशंटचं तोंड उघडं असतं तेव्हा ते त्याला पाच गुणांची गोष्ट सांगतात.

जाऊबाई पुढची तिन्ही वर्षं पहिली आली, सरळ गुणांनी. मी पुन्हा फोटो दिला नाही. ती अजून वरच्या मजल्यावर राहते, मी खाली, आणि त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. मागच्या वर्षी डोळ्यांच्या एकाच डॉक्टरांकडे, एकाच आठवड्यात आमच्या दोघींचे मोतीबिंदू निघाले. तिला आता चष्मा लागत नाही. मला लागतो.