सहा नंबरचा पाय

बुटांच्या कारखान्यात मला नोकरी लागली ती चाचणी विभागात. तिथं एक यंत्र होतं. ते दिवसभर बुटाचा सोल वाकवायचं आणि सरळ करायचं. एक लाख वेळा वाकवूनही तडा गेला नाही, तर सोल पास. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी त्या यंत्रापुढे बसले आणि आकडे लिहू लागले. शिलाईतल्या बायकांनी दुसऱ्याच दिवशी माझं नाव ‘शास्त्रज्ञ’ ठेवलं. “काय शास्त्रज्ञ, आज किती वाकवलं?” असं विचारायच्या आणि आपापसांत हसायच्या.

तिसऱ्या महिन्यात साहेबांनी बोलावलं. बायकांच्या बुटांबद्दल दुकानांकडून तक्रारी येत होत्या. चालताना टाच निसटते, आणि बोटं मात्र पुढे जाऊन आपटतात. एक नंबर लहान घ्यावा तर तो लांबीला कमी पडतो.

“कारण शोधा,” साहेब म्हणाले. “पुढच्या गुरुवारी अहवाल द्या.”

मी चामडं ताणून पाहिलं, गोंद तपासला, शिलाईचे टाके मोजले. सगळं जागच्या जागी होतं. मग राहिला फर्मा. फर्मा म्हणजे पावलाच्या आकाराचा ठोकळा, ज्यावर बूट चढवून शिवतात. बायकांच्या बुटांचे सगळे फर्मे सहा नंबरच्या फर्म्यावरून काढायचे. सहा बिघडला की पाचही बिघडणार आणि आठही. आणि सहा बरोबर आहे की नाही, हे कुठलंही यंत्र ठरवत नव्हतं. ते सहाताई ठरवायच्या.

त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. एकोणीस वर्षांपूर्वी त्या पॅकिंगमध्ये होत्या. एकदा जेवणाच्या सुट्टीत बुटांचे नमुने काढणाऱ्या पॅटर्न मास्तरांनी जमिनीवर कागद पसरले आणि चाळीस बायकांना एकेक करून त्यावर उभं केलं. या बाईंचं पाऊल सहा नंबरच्या आकृतीवर असं बसलं, की मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. तेव्हापासून प्रत्येक नवा बूट आधी त्यांच्या पायात जायचा. त्या बूट घालून व्हरांड्यात बावीस पावलं जायच्या, बावीस पावलं यायच्या आणि सांगायच्या, “करंगळीच्या मुळाशी शिवण लागते.” किंवा, “टाच उचलते तेव्हा मागची कड चावते. ठेवते तेव्हा नाही.” मास्तर तेवढंच बदलायचे. पूर्ण कारखान्यात पायाबद्दल असं बोलता येणारं दुसरं माणूस नव्हतं.

मास्तरांच्या कपाटावर धुळीत एक जुना लाकडी फर्मा पडला होता. अगदी पहिला सहा नंबर. मी त्याच्या चवड्याभोवती टेप गुंडाळली. मग आताच्या फर्म्याभोवती गुंडाळली. फरक आठ मिलिमीटर. विश्वास बसेना म्हणून तीनदा मोजलं. आठच. नवा फर्मा उन्हाकडे तिरका धरला तेव्हा त्याच्या बाजूंवर पातळ चामड्याच्या पट्ट्या दिसल्या, एकीवर एक, घासून गुळगुळीत केलेल्या.

“मास्तर, या पट्ट्या कसल्या?”

“ती म्हणते आवळतंय, मी एक पट्टी लावतो. दर वर्षी एखादी. का गं?”

“ताईंचा पाय शेवटचा कधी मोजला होता?”

मास्तर हसले. “तिचा पाय? अगं, तिचा पाय म्हणजेच सहा. सहाला काय मोजायचं?”

मी दोन्ही फर्मे त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. त्यांचं हसणं हळूहळू ओसरलं. त्यांनी जुन्या फर्म्यावर अंगठा फिरवला, मग नव्यावर. कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणी कामचुकारपणा केला नव्हता. ताईंचा पाय वयाबरोबर रुंद झाला होता आणि त्याच्याबरोबर सगळ्या बायकांचे बूटही. मोजपट्टीच ताणली गेली, तर तिनं मोजलेलं सगळं बरोबरच येणार.

“साहेबांना सांगितलंस?”

“अजून नाही.”

“मग आधी तिला सांग.” त्यांनी आवाज खाली आणला. “हे काम गेलं की तिला पुन्हा पॅकिंगला टाकतील. तिथं आठ तास उभं राहायचं. या वयात ती नाही उभी राहायची, मला ठाऊक आहे.”

पाच वाजता मी कपडे बदलायच्या खोलीत गेले. सहाताई बाकावर एकट्याच होत्या. कारखान्यात त्या नेहमी मऊ सपाता घालत. आता पिशवीतून त्यांनी काळे, निमुळते बूट काढले आणि चमच्याचा दांडा टाचेमागे घालून पाय आत ढकलू लागल्या. ओठ घट्ट मिटले होते.

“ताई, हे तुमच्या मापाचे नाहीत.”

“साडेपाच आहेत.”

“मग?”

“मग काय मग? तुला बस नाही का पकडायची?”

मी त्यांना आठ मिलिमीटरबद्दल सांगितलं. त्यांनी एका बुटाची नाडी बांधली, दुसऱ्याची बांधली, आणि मगच वर पाहिलं.

“चांगले डोळे आहेत तुझे. चार वर्षं कुणाला दिसलं नाही.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“पाय माझा आहे बाई. दुसऱ्या बाळंतपणात थोडा पसरला होता, चालून गेलं. चाळिशीनंतर मात्र थांबेचना. तेव्हापासून हे घालते. येता-जाता, आणि घरी गेल्यावरही दोन तास. दातांना तार लावून दात मागे आणतात ना? तसंच.”

“पाय तसा मागे येत नाही, ताई. हाडं तेवढीच असतात, त्यांना बांधून ठेवणारे पट्टे सैल होतात. दाबून ते पुन्हा आवळत नाहीत.”

“हे तुझ्या पुस्तकात.” त्या उठल्या. “माझी मुलगी तुझ्याएवढीच आहे. तीही मला असंच समजावते, आणि वर म्हणते, आई, तू ऐकत नाहीस. आता तूही म्हण.”

“दुखत नाही?”

“पहिली दोन वर्षं जीव जायचा. आता काही नाही. सवय झाली.”

त्या सहज बोलून गेल्या, पण मला ते खटकलं. दाब तोच होता, पाय तोच होता, मग दुखणं कुठे गेलं? मी त्यांना म्हटलं, पाचच मिनिटं माझ्या खोलीत चला. त्या कुरकुरल्या, पण आल्या.

त्यांना खुर्चीवर बसवून मी बूट-मोजे काढायला लावले. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, करंगळी शेजारच्या बोटाखाली दुमडली होती, तिच्यावर कडक घट्टा. मी शिलाईतला नायलॉनचा जाड दोरा बोटभर कापला.

“डोळे मिटा. दोऱ्याचं टोक लागलं की जागा सांगायची.”

“हा काय पोरखेळ?” म्हणत त्यांनी डोळे मिटले. “टाच… तळव्याच्या मधोमध… आता अंगठ्याच्या खाली, जरा आतल्या बाजूला.” अजूनही त्या किती अचूक सांगत होत्या! मग मी शेवटच्या दोन बोटांकडे गेले.

त्या वाट पाहत राहिल्या. “थांबलीस का? कर ना सुरू.”

“ताई, तीनदा टेकवला.”

त्यांनी डोळे उघडले. दोरा करंगळीवर टेकून धनुष्यासारखा वाकला होता. त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या, जणू पाय दुसऱ्या कुणाचा होता.

“परत कर.”

मी पुन्हा टेकवला. या वेळी त्यांचे डोळे उघडे होते. तरी त्यांनी मान हलवली. नाही.

त्यांनी करंगळी चिमटीत धरून दाबली. मग म्हणाल्या, “मागच्या महिन्यात तपकिरी बूट घातला होता मी. मास्तरांना म्हटलं, करंगळीला काही लागत नाही.”

“हो.”

“लागत असेल.” त्यांनी मोजा हातात घेतला, पण घातला नाही. “किती जणींनी घेतला असेल गं तो?”

मला आकडा माहीत होता. सांगावासा वाटला नाही.

“हे परत येईल का?”

“डॉक्टरांना दाखवू. दाब काढला की बहुतेक वेळा येतं म्हणतात.”

“आकड्यांची बाई तू, आणि ‘बहुतेक’ म्हणतेस?”

“इथं माझ्याकडे आकडा नाही, ताई.”

त्या दिवशी त्या सपाता घालूनच घरी गेल्या.

गुरुवारी साहेबांच्या खोलीत माझा अहवाल टेबलावर होता. मास्तरांनाही बोलावलं होतं. त्यात मी ‘पायाचं माप बदललं आहे’ एवढंच लिहिलं होतं, कुणाच्या पायाचं ते नाही. मला वाटत होतं, साहेब विचारतील आणि मला सांगावं लागेल. त्याआधीच दार उघडलं. सहाताई आल्या, पायात रुंद तोंडाचे, राखाडी, कुरूप बूट.

“काय गं, नदी ओलांडून आलीस?” मास्तर म्हणाले. “होड्याच घातल्यास की.”

“हसा. काल संध्याकाळी घेतले. पाय दिवसभर फुगून मोठा होतो तेव्हा. दोन्ही पायांत घालून दुकानात अर्धा तास चालले. दुकानदार वैतागला, म्हणाला, बाई, बूट घेताय की घर?” त्यांनी बूट काढले. “मास्तर, कागद पसरा.”

“आत्ता? तू तर बूट नेहमी सकाळीच घालून बघतेस.”

“म्हणून तर आत्ता. चार वाजलेत. उभी राहून मोजा, बसून नाही. आणि दोन्ही पाय.”

मास्तर गुडघ्यावर बसले. पेन्सिल एका पावलाभोवती फिरली, मग दुसऱ्या. जुनी आकृती त्यांनी त्यावर ठेवली, तेव्हा दोन्ही बाजूंनी नवी रेघ बाहेर दिसत होती.

“म्हणजे चूक यांची?” साहेबांनी विचारलं.

“पट्ट्या मी लावल्या, साहेब,” मास्तर म्हणाले. “मी मोजायला हवं होतं.”

“आणि मी सांगायला,” सहाताई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांना कामं रांगेत लावायची सवय होती. “तर मग नवा सहा नंबर शोधा. आणि यांना एक तारखेपासून पॅकिंग.”

सहाताईंनी मान डोलावली. मास्तर खिडकीकडे पाहू लागले.

नवा सहा नंबर दोन दिवसांत सापडला. गोंद विभागातली एक उंच, अबोल बाई. तिचं पाऊल जुन्या आकृतीवर रेघेला रेघ बसलं. साहेब स्वतः पाहायला आले. तिनं व्हरांड्यात फेरी मारली.

“कसा वाटतो?”

“छान.”

मास्तरांनी दुसरा जोड दिला. “हा?”

“हाही छान.”

मग त्यांनी तो तपकिरी बूट काढला. ती जाऊन आली. “छान आहे.”

मास्तरांनी कपाळावर हात ठेवला. दाराशी आपली पिशवी आवरत असलेल्या सहाताईंना मात्र राहवलं नाही.

“छान म्हणजे कुठे छान?”

नवी बाई गोंधळली. “सगळीकडेच.”

“सगळीकडे काही नसतं. तुझी पाच बोटं आहेत, पाच जणी आहेत असं समज. एकेकीला विचार. डोळे मिटून चाल. भिंत येईल तेव्हा मी सांगते.”

ती डोळे मिटून निघाली. सहाताई तिच्याबरोबर, होड्या फतफत वाजवत. दहाव्या पावलाला ती थबकली.

“तसं बघितलं तर… करंगळीला काहीतरी होतंय.”

“काहीतरी नको. शिवण, कड की अस्तर?”

ती पुन्हा चालली. या वेळी हळू. “शिवण. पाय दुमडतो तेव्हा.”

सहाताईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी खडूनं शिवणीवर खूण केली. साहेब इतका वेळ हाताची घडी घालून उभे होते.

“हिला शिकायला किती दिवस लागतील?”

“मला सहा वर्षं लागली होती.”

“सहा वर्षं मी कुणाला देऊ शकत नाही.”

“सहा महिन्यांत टोचतंय की चावतंय, ते हिला कळेल. आवळतंय ते कळायला वर्ष लागतं, कारण ते हळूहळू होतं.”

साहेबांनी थोडा विचार केला. “बरं. वर्ष. तोवर पॅकिंग राहू दे.” आणि जाता जाता, वळून न पाहता, “खुर्ची द्या यांना एक.”

खुर्ची आली. सहाताई तिच्यावर बसल्या नाहीत. त्या जमिनीवर बसल्या, नव्या बाईचा पाय मांडीवर घेतला आणि बुटाची नाडी सैल करून दिली.

“चल,” त्या म्हणाल्या. “आता दुसरा पाय. तो वेगळं सांगेल.”